आधी वीज, मग आवाज

सकाळी ६.००

मे महिन्यात जळगावात बारीक काम करायचं तर उन्हाच्या आधी बसावं लागतं. अकरानंतर दुकानाचा पत्रा तापतो आणि पंचेचाळीस अंशांत सोल्डरिंगचा धूर तोंडावर घेणं नको होतं. म्हणून माझं शटर सहाला वर जातं. धंदा छोटा आहे. स्वस्तातले अ‍ॅम्प्लिफायर, होम थिएटर, जुने डेक, स्पीकर दुरुस्त करायचे. आणि गिऱ्हाईक तयार असेल तर त्याच सेटचा आवाज सुधारून द्यायचा. पोट दुरुस्तीवर चालतं, हौस सुधारण्यावर भागते.

दिवसाचं पहिलं हत्यार मल्टिमीटर. बोर्डावरचं व्होल्टेज बघायचं आणि कॅलेंडरवर आजच्या चौकोनात लिहायचं. आज पहाटेचा आकडा २५४. कागदावर आपली वीज २३० व्होल्टची. पण पहाटे निम्मं गाव बंद असतं तेव्हा ती चढते आणि दुपारी सगळे कुलर-एसी लागले की २०५ पर्यंत उतरते. शेतीपंपांच्या लाइनवरच्या खेड्यांत ही चढउतार याहून मोठी.

आवाज सुधारायला निघालेल्या माणसाला या आकड्याचं काय, असं पुष्कळ जण विचारतात. बाजारातला साधा असेंबल्ड अ‍ॅम्प्लिफायर घ्या. आत '१२-०-१२'चा ट्रान्सफॉर्मर आणि टीडीए २०३० नावाची आयसी. ही आयसी अधिक-उणे १८ व्होल्टपर्यंतच टिकते. गाणं बंद असताना या ट्रान्सफॉर्मरमधून, डायोड आणि फिल्टर पार करून निघणारा डीसी आधीच सतरा-अठराच्या घरात असतो. २३० चे २५४ झाले की तोच एकोणीस-वीसवर जातो. आयसी उडते आणि घरचे म्हणतात, पोरांनी जोरात लावलं असेल. पोरं तेव्हा झोपलेली असतात.

उपाय स्वस्त आहे. त्याच पाच पायांची टीडीए २०५० अधिक-उणे २५ व्होल्ट सोसते. तीच जागा, तीच भोकं. जळालेली २०३० माझ्याकडे आली की परत २०३० बसवत नाही.

सकाळी ७.००

काल संध्याकाळी पूर्ण झालेला सेट सकाळी ऐकायचा, असा नियम आहे. या वेळी रस्ता शांत असतो, शेजारचा वेल्डर आलेला नसतो आणि कान ताजे असतात. दिवसभर दमलेल्या कानाला तिखट ट्रेबल 'क्लिअर' वाटतो. सकाळी तोच टोचतो.

ऐकायचा क्रम ठरलेला. आधी आकाशवाणी जळगावचं निवेदन. माणसाचं बोलणं आपण जन्मभर ऐकलेलं असतं, त्यात खोट असली की लगेच कळते. 'चहा'तला च आणि 'चमचा'तला च सेटमधून वेगळे ऐकू आले पाहिजेत. 'चमचा'तल्या च ची सळसळ बरीच वरच्या पट्टीत असते. स्वस्त स्पीकरमध्ये वूफर तिथपर्यंत पोचत नाही आणि ट्विटर अजून सुरू झालेला नसतो. मग दोन्ही च एकाच साच्यातून काढल्यासारखे येतात.

त्यानंतर तानपुरा. चार तारा सुट्या कळल्या पाहिजेत आणि त्यांच्यामागे वीज घुरघुरता कामा नये. शेवटी तबला. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेला घुमारा वर चढत जातो, तो चढताना ऐकू आला पाहिजे. खोका चुकला असेल तर त्यातला एकच सूर 'बूं' करून उठतो आणि बाकीचे दबतात. हे डीजेच्या गाण्यावर तपासता येत नाही, कारण तिथे तो 'बूं'च हवा असतो.

कालचा सेट पास झाला. कार्डावर तारीख टाकून बाजूला ठेवला.

सकाळी ८.००

आजचं मुख्य काम भुसावळच्या एका निवृत्त रेल्वेवाल्या काकांचं. दहा-बारा वर्षांपूर्वी कोणीतरी जोडून दिलेला अ‍ॅम्प्लिफायर. तक्रार त्यांच्याच शब्दांत: "भाऊ, आवाज आहे, पण गाण्यात जीव नाही. आणि गाणं बंद केलं तरी आत घूं चालूच असते. नवा घेऊ का?"

झाकण काढलं. धूळ, पालीची अंडी, एका कपॅसिटरची टोपी फुगलेली. जुने मेकॅनिक याला अजून कंडेन्सरच म्हणतात. हात लावण्याआधी ट्रान्सफॉर्मरची परीक्षा. वाइंडिंगच्या टोकावरचं इनॅमल ब्लेडने हलकेच खरवडायचं. आत लाल निघालं तर तांबं, पांढरं निघालं तर अ‍ॅल्युमिनिअम. वरून दोन्ही सारखेच तांबूस दिसतात. अ‍ॅल्युमिनिअमचा निघाला तर मी गिऱ्हाइकाला आधी ट्रान्सफॉर्मरचा खर्च सांगतो. तो परवडत नसेल तर पुढे पैसे घालू नका म्हणतो. काकांचं नशीब बरं, आत लाल निघालं.

मग सिरीज बल्ब. साठ वॉटचा जुना पिवळा बल्ब सेटच्या वायरीत ओळीने जोडायचा आणि बटण दाबायचं. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर कपॅसिटर भरले आणि सगळं ठीक. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. पण जाळ बल्ब खातो, सेट वाचतो. आमच्या पोऱ्याला मी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. बाहेरून आलेला कुठलाही सेट या बल्बाशिवाय सुरू करायचा नाही.

बल्ब मंद झाला. आता स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी किती ते बघायचं. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर पुढे जायचं. जास्त असेल तर स्पीकरची कॉइल हळूहळू भाजते आणि दोष कंपनीला लागतो. इथे २२ आहे. चालेल.

सकाळी ९.३०

फुगलेल्या कपॅसिटरपासून सुरुवात. मूळ फिल्टर २२०० मायक्रोफॅरडचा, ८५ अंशांच्या श्रेणीचा. हे ८५ अंश कागदावर भरपूर वाटतात. पण खोलीत पंचेचाळीस असताना बंद डब्यात, हीटसिंकला चिकटून बसलेला कपॅसिटर सहज पासष्टपर्यंत जातो. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. ८५ अंशांना २००० तास टिकणारा पासष्टला ८००० तास टिकेल. १०५ अंशांच्या श्रेणीचा, तेवढ्याच तासांचा, तिथेच ३२,००० तास. किमतीतला फरक चहाच्या कपाएवढा. खान्देशात १०५ सोडून दुसरा बसवायचं कारणच नाही.

आकारही वाढवला, ६८०० केला. हिशेब सरळ आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, डायोडच्या पुलानंतर तिचे सेकंदाला शंभर हेलकावे होतात. एक अँपिअर ओढला तर २२०० वर साडेचार व्होल्टचा हेलकावा राहतो, ६८०० वर दीड. डग्ग्याची थाप पडते तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर नेमका हाच अँपिअर मागतो आणि मिळाला नाही की थाप बसकी होते. काकांना 'जीव नाही' वाटत होतं त्याचं मोठं कारण हे.

पण नुसता कपॅसिटर वाढवून भागत नाही. मोठा कपॅसिटर सुरू होताना मोठा घोट घेतो, तो जुन्या ४००७ डायोडला झेपेलच असं नाही. तो एक अँपिअरचा असतो. तिथे ५४०८ लावले, तीन अँपिअरचे. फ्यूजही तपासला. कोणीतरी फ्यूजऐवजी तांब्याची तार लावलेली होती. ती काढली.

त्यानंतर अर्थच्या वायरी. या सेटमध्ये इनपुटची, व्हॉल्यूमची, स्पीकरची आणि ट्रान्सफॉर्मरची अर्थ एकमेकींवरून फिरत गेलेली. स्पीकरचा जड करंट जिथून जातो तिथेच इनपुटचा नाजूक सिग्नल आपला शून्य शोधत होता. सगळ्या अर्थ वायरी सोडवून फिल्टर कपॅसिटरच्या मधल्या टोकाला एकेक करून आणल्या. इनपुटची वायर शिल्डवाली केली आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांब नेली. घूं निम्मी इथेच गेली. पैसे लागले ते फक्त हातभर वायरीचे.

आता ज्याला लोक खरं 'मॉडिफाय' म्हणतात ते काम. बास-ट्रेबलच्या बोर्डावर ४५५८ नावाची आठ पायांची आयसी असते. तिच्या जागी एनई ५५३२ बसते, पाय तसेच. ही आयसी १९७९ च्या सुमाराची, म्हणजे नवी मुळीच नाही. पण तिची स्वतःची सरसर कमी आणि वेगवान सिग्नलला ती मागे पडत नाही. जुनी आयसी काढताना घाई करायची नाही. पंपाने एकेका पायाचं कथील ओढून घ्यायचं, पाय हलतो का ते चिमट्याने बघायचं, आठही मोकळे झाले की मगच उचलायची. ओढली तर बोर्डावरची पट्टी सोबत येते. तिथे आधी सॉकेट लावलं, मग आयसी.

एक गोष्ट इथे हमखास विसरली जाते. ५५३२ चपळ आहे, म्हणून भडकूही शकते. तिच्या चौथ्या आणि आठव्या पायाजवळ, अगदी चिकटून, ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा सिरॅमिक कपॅसिटर अर्थला लावला नाही तर ती कानाला न ऐकू येणाऱ्या उंचीवर किंचाळत राहते. आवाज खरखरीत होतो, आयसी गरम होते आणि माणूस म्हणतो, जुनीच बरी होती. पायाजवळ बोट ठेवून बघितलं, कोमट. ठीक.

सिग्नलच्या वाटेतले एक मायक्रोफॅरडचे सुकलेले इलेक्ट्रोलायटिक काढून पॉलिएस्टरचे घातले. व्हॉल्यूमचा पॉट बदलला. जुना लिनिअर होता, म्हणून जरासं फिरवलं की आवाज एकदम अंगावर यायचा. लॉग पॉट लावला, आता तो पायरीपायरीने चढतो.

सकाळी ११.००

सामान घ्यायला गोलाणी मार्केट. जळगावात मोबाइलपासून मिक्सरपर्यंत सगळ्या रोगांची औषधं इथे मिळतात, फक्त खरं-खोटं आपलं आपण ओळखायचं. आयसीवर थिनरचा बोळा फिरवतो. छापील अक्षरं पुसली गेली तर ती कुठल्यातरी स्वस्त आयसीला घासून नवं नाव दिलेली आहे. कपॅसिटर मीटरवर मोजतो. ४७०० छापलेला २००० भरला की परत. दुकानदार ओळखीचा, रागावत नाही. "भाऊ, तुम्ही मोजता म्हणून वेगळा डबा ठेवलाय," म्हणतो. याचा अर्थ न मोजणाऱ्यांचा डबाही वेगळा असणार.

कपॅसिटरसाठी लांब जायची खरं तर गरज नाही. नाशिकला कपॅसिटर बनवणारे मोठे कारखाने आहेत आणि त्यांचा माल कारखान्यांच्या मोठ्या यंत्रांतही चालतो. जे इथे मिळत नाही ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवतो.

दुपारी १२.१५

गिऱ्हाइकांची वेळ. पहिला लग्नसराईत डीजेची गाडी चालवणारा पोरगा. त्याच्या हातात पाच हजार वॉट छापलेल्या सेटचा खोका.

"कितला पैसा लागतीन, भो? याना आवाज डबल पाहिजे."

खोक्यावर बारीक अक्षरांत पीएमपीओ लिहिलेलं. या पीएमपीओला कोणतंही पक्कं माप नाही. विकणाऱ्याला वाटेल तो आकडा. मी सेट उलटा केला आणि मागची पट्टी वाचायला लावली. भिंतीतून ओढणार ४० वॉट. चाळीस आत जाणार तर बाहेर पाच हजार कुठून येणार? पोरगा हसला. त्याला दुसराही हिशेब सांगितला: वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, कानाला तो जेमतेम कळतो. दुप्पट वाटायला दसपट वॉट लागतात. त्यापेक्षा जास्त संवेदनशील स्पीकर घे, आणि रात्री दहानंतर बंद कर. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलच्या वर जाऊ देत नाहीत.

दुसरे गिऱ्हाईक सराफी पेढीतले. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांची महागडी केबल घेऊन आले होते, बसवली तर आवाज किती सुधारेल हे विचारायला. सुवर्णनगरीत सोन्याविरुद्ध बोलणं कठीण, पण बोललो. सोनं गंजत नाही हा त्याचा गुण. दमट गावी पिना काळ्या पडत नाहीत. मात्र विजेला वाट देण्यात तांबं सोन्याच्या पुढे आहे आणि चांदी तांब्याच्या किंचित पुढे. त्यांच्या स्पीकरची वायर बघितली तर अर्ध्या चौरस मिलिमीटरची, दहा मीटर लांब. जाऊन-येऊन तिचा विरोध ०.७ ओमच्या आसपास. चार ओमच्या स्पीकरला हा मोठा वाटा. इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर घातली की तो पाव ओमच्या खाली येतो. केबल परत करा म्हटलं. त्यांना थोडं वाईट वाटलं, पण वायर घेऊन गेले.

दुपारी १.४५

जेवण. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा, ताक. वीज गेलेली, म्हणून सोल्डरिंग बंद आणि खोक्याचं काम सुरू.

स्पीकरचा खोका हे अर्धं वाद्य आहे आणि स्वस्त सेटमध्ये सगळ्यात जास्त पैसा इथेच वाचवलेला असतो. सुतार मित्राकडून १८ मिलिमीटर प्लायचे २५ लिटरचे दोन खोके करून घेतलेत. बोटाच्या पेराने ठोकून बघायचं: पत्र्यासारखी पोकळ थाप आली तर आत आडवी पट्टी मारायची. मागच्या भिंतीला आतून अस्तर हवं. शहरातले लोक त्यासाठी परदेशी फोम मागवतात. कापसाच्या या मुलखात पिंजाऱ्याकडून शेरभर पिंजलेला कापूस आणला की काम होतं. मच्छरदाणीच्या कापडात टाचून तीन बाजूंना लावायचा, वूफरच्या मागे मोकळं ठेवायचं.

बाससाठी नळी लागते, तीही इथलीच. जळगाव पीव्हीसी पाइपचं गाव. आतून सात सेंटिमीटर व्यासाचा तुकडा कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे पडलेला असतो. २५ लिटरचा खोका ४५ हर्ट्झला लावायचा तर त्या व्यासाची नळी साडेसतरा सेंटिमीटर लांब यायला हवी. मी वीस कापतो, बसवतो, ऐकतो, मग थोडी थोडी घासत आणतो. कापलेली नळी परत वाढत नाही. आतली कड कानशीने गोल करायची, नाहीतर बास आला की हवा फुसफुसते.

पोऱ्या घासत बसला. मी धुळ्याची पिशवी भरली: मल्टिमीटर, छोटा सोल्डर, थोडे फिल्म कपॅसिटर.

दुपारी ४.००

धुळ्याची एसटी. एरंडोल, पारोळा आणि मग धुळं. दोन तास बघायला हिरवं फारसं काही नाही. या प्रवासात मला एक जुनी गोष्ट आठवते. १९७८ च्या सुमाराला एनएडी नावाच्या कंपनीने ३०२० हा अ‍ॅम्प्लिफायर काढला. वॉट फक्त वीस, डबा साधा, बटणं प्लॅस्टिकची, किंमत कमी. त्याची रचना करणाऱ्या एरिक एडवर्डसन यांनी पैसा दिसण्यावर न घालता विजेच्या भागावर घातला, जेणेकरून अवघड स्पीकर जोडला तरी तो क्षणभर जास्तीचा करंट देऊ शकेल. आकड्याने मोठे असलेले अनेक सेट त्याच्यापुढे फिके पडले आणि स्वस्त हाय-फायचं नाव निघालं की आजही लोक त्याचंच घेतात. मी दुकानात जे करतो तो एका अर्थी त्याच धड्याचा गृहपाठ आहे.

आपल्याकडे बाहेरचा माल तेव्हा जकातीमुळे हाताबाहेर होता. म्हणून आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा ट्रेड केलेली आणि 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'मधली सर्किटं वहीत उतरवून घेणारी एक पिढी गावोगावी तयार झाली. त्यांच्याच हाताखाली माझ्यासारखे शिकले. बिघाड आधी शोध, पार्ट नंतर बदल, हे त्यांचंच वाक्य.

संध्याकाळी ६.३०

रिक्षाने पांझरेवरचा पूल ओलांडून देवपूर. एका निवृत्त गुरुजींचं घर. ते शिरपूर तालुक्यातले, थाळनेरच्या बाजूचे. लता मंगेशकरांचं आजोळ थाळनेरचं, त्यामुळे त्या भागातल्या माणसाकडे लताबाईंच्या कॅसेट नसतील तर नवल. गुरुजींकडे कपाटभर आहेत. डेक, सेट-टॉप बॉक्स, साधा अ‍ॅम्प्लिफायर आणि टीव्हीच्या शोकेसमध्ये कोंबलेले दोन स्पीकर. तक्रार: घूं, आणि कुलर लागला की स्पीकरमध्ये 'टक्'.

आधी कानाने निदान. १०० हर्ट्झची घुरघुर जरा खरखरीत असते, ती फिल्टरच्या कपॅसिटरची. ५० हर्ट्झची जाड, गोल असते, ती बाहेरून अर्थच्या वाटेने येते. ही दुसरी होती. इनपुटच्या पिना एकेक करून काढल्या. डेकची काढली, काही फरक नाही. सेट-टॉप बॉक्सची काढली आणि घूं थांबली. केबलवाल्याच्या वायरीच्या जाळीतून दुसऱ्याच इमारतीची अर्थ गुरुजींच्या घरात येत होती, आणि दोन अर्थांमधला फरक स्पीकरमधून वाजत होता.

घरची अर्थही मोजली. न्यूट्रल आणि अर्थमध्ये १४ व्होल्ट. दोन-तीनच्या वर नको. कारण अंगणात सापडलं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडतो. गुरुजींनी दोन बादल्या पाणी ओतलं, आकडा लगेच उतरू लागला. खड्ड्यात मीठ-कोळसा नव्याने भरून घ्यायला इलेक्ट्रिशियनला सांगितलं. सगळे प्लग एकाच बोर्डवर आणले आणि केबलच्या वायरीत आयसोलेटर लावला. घूं घालवण्याच्या नादात काही लोक अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन तोडतात, घूं जाते हे खरं. पण शॉर्ट झाला तर डब्याला हात लावणाराही जातो. ते कधीच करायचं नाही.

'टक्'साठी कुलरच्या बटणाच्या दोन टोकांवर १०० ओमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ओळीने. हा कपॅसिटर एक्स-टू जातीचाच हवा, थेट विजेवर राहण्यासाठी बनवलेला. साधा लावला तर तो एक दिवस पेटतो.

काकू स्वयंपाकघरातून डोकावल्या. "घूं बंद व्हयनी का, भाऊ?"

"व्हयनी, काकू."

संध्याकाळी ७.४५

स्पीकर उघडले. ट्विटरच्या वाटेत २.२ मायक्रोफॅरडचा एकच इलेक्ट्रोलायटिक. आठ ओमच्या ट्विटरला तो नऊ हजार हर्ट्झच्या खाली फारसं काही येऊ देत नाही. वूफर मात्र पाच हजारांच्या आसपास थकतो. मधला भाग कोणीच वाजवत नाही आणि गाण्यातला श्वास, तारेवरचा नखाचा आघात नेमका तिथेच असतो. ४.७ चा फिल्म कपॅसिटर लावला की ट्विटर सव्वाचार हजारांपासून कामाला लागतो. याची किंमत आहे: ट्विटरवर भार वाढतो, म्हणून आवाज चढवून ऐकणाऱ्या घरात मी हा बदल करत नाही. गुरुजी हळू ऐकणारे.

आधी एकाच स्पीकरमध्ये बदलला. गुरुजींना पाठ करून बसवलं, डेक मोनोवर ठेवला आणि बॅलन्सचं बटण डावी-उजवीकडे फिरवत राहिलो, दोन्ही बाजूंचा आवाज मीटरवर सारखा करून घेतलेला. हे महत्त्वाचं, जरा मोठा असलेला आवाज माणसाला नेहमी चांगला वाटतो आणि पैसे दिलेला पार्ट त्याहून चांगला. कुठली बाजू कधी लावली हे न सांगता विचारत गेलो. गुरुजी दर वेळी उजवीकडे बोट दाखवत होते. तेव्हा डावीकडचाही बदलला. त्यांनी दोन्ही सारखेच म्हटलं असतं तर जुना कपॅसिटर परत बसवून नव्याचे पैसे घेतले नसते.

मग शेवटचा बदल, फुकटचा. दोन्ही स्पीकर शोकेसमधून काढले, स्टुलांवर कानाच्या उंचीवर ठेवले, भिंतीपासून हातभर पुढे ओढले आणि खुर्चीकडे किंचित वळवले. कोपऱ्यातला आणि फळीवरचा बास गुणगुणत राहतो, तो सुटला. कॅसेट लावली. गुरुजी काही बोलले नाहीत, पण उठून कुलर बंद केला. धुळ्यात मे महिन्यात माणूस गाण्यासाठी कुलर बंद करतो, तेव्हा काम झालं असं समजायचं.

काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. शेवभाजी तिखट होती.

रात्री ११.१५

शेवटच्या एसटीने जळगाव. घरी आल्यावर दिवसाचा जमाखर्च. भुसावळच्या काकांच्या सेटला लागलेल्या सामानाचे पैसे एका मध्यम हॉटेलातल्या दोघांच्या जेवणाएवढे. गुरुजींकडे त्याहून कमी, त्यातही निम्मं काम पाणी आणि स्टुलांनी केलं. सकाळी काकांना फोन करायचा: नवा घेऊ नका, शनिवारी या, स्वतःची आवडती कॅसेट बरोबर आणा.

तुमच्याकडेही साधा सेट पडून असेल तर खर्चाचा क्रम असा ठेवा. पहिले स्पीकर जागेवरून हलवून बघा, याला काही लागत नाही. मग घरची अर्थ आणि व्होल्टेज तपासून घ्या. मग ट्रान्सफॉर्मर तांब्याचा आहे का आणि फिल्टर कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत का ते मेकॅनिकला विचारा. त्यानंतर स्पीकरची वायर, खोका, ट्विटरचा कपॅसिटर. आयसी बदलायची ती याच्यानंतर, आणि सोन्याच्या पिना सगळ्यांच्या शेवटी. सेट उघडण्याआधी प्लग काढा, मोठे कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामे करा. बंद सेटमध्येही ते झटका देतात. आणि मेकॅनिकने बदललेले जुने पार्ट मागून घ्या. खरं काम केलेला माणूस ते आनंदाने देतो.